सुवचनें आणि धंद्याची निवड

दहावीचा निकाल लागला कीं आईबाप मुलाला घेऊन मार्गदर्शकाच्या दाराशीं उभे राहतात, आणि त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. गुण किती पाहिजेत, खर्च किती येईल, पुढें मिळकत काय होईल? प्रश्न अगदीं रास्त आहेत. ज्या घरांत पुढच्या महिन्याच्या भाड्याची विवंचना आहे, तेथें दुसरे प्रश्न सुचावे तरी कसे? परंतु श्रोतेहो, ह्या सर्व बोलण्यांत एक प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. हा धंदा जमिनीकडून, पाण्याकडून, रानाकडून काय घेईल, आणि घेतलेलें कांहीं परत करील कीं नाहीं? सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. मुलें तो विषय शिकतात, त्याची परीक्षाही देतात. पण तो एका पुस्तकांत राहिला आणि धंद्याची निवड भलत्याच खोलींत होत राहिली. हीं दोन टोकें जोडण्याच्या कामीं सुवचनांचा उपयोग कितपत होईल, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

सुवचन म्हटल्याबरोबर शाळेच्या भिंती डोळ्यांपुढें येतात. झाडें लावा, झाडें जगवा, पाणी वांचवा. अक्षर वळणदार, रंग ठळक, आणि चार दिवसांनीं तिकडे कोणी पाहतही नाहीं. ह्याचें कारण उघड आहे. ही आज्ञा असते, आणि आज्ञा पाळतां येते किंवा मोडतां येते. तिच्याशीं बोलतां येत नाहीं. म्हणीचें तसें नाहीं. म्हणींत एक लहानसा व्यवहार घडलेला असतो, आणि ऐकणारा तो आपल्या व्यवहाराशीं ताडून पाहूं शकतो.

‘आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार’ ही म्हण घ्या. शिक्षकमंडळी ती विद्यार्थ्याच्या बुद्धीला उद्देशून वापरतात, आणि तेंही अंमळ निर्दयपणें! मार्गदर्शकानें ती पुन्हां पाण्याकडे न्यावी. घरें बांधणारा इंजिनियर होऊं पाहणाऱ्या मुलाला विचारावें, ‘तुझ्या धंद्याचा आड कोणता?’ तो प्रथम पैसा म्हणेल, मग सिमेंट, लोखंड म्हणेल, आणि केव्हांतरी वाळूपाशीं येईल. वाळू नदीच्या पात्रांतून येते. ती बेसुमार उपसली कीं पात्र खोल जातें, आणि काठच्या विहिरींची पातळीही त्याच्याबरोबर खालीं जाते. एकाचा पोहरा भरतांना दुसऱ्याचा आड आटतो तो असा. हें कळल्यावर मुलानें धंदा सोडावा असें मुळींच नाहीं. दगड दळून वाळू करतां येते, पाडलेल्या इमारतीचा राडारोडा पुन्हां वापरतां येतो. त्यांतच त्याच्या पुढच्या शिक्षणाची एखादी दिशा असेल. हिशेबनिसाचा आड शोधावयास थोडा वेळ लागतो, पण तोही सांपडतो. ज्या कारखान्याच्या वह्या तो लिहितो, त्याचें सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च त्या वहींत आहे कीं नाहीं, हें त्याच्याइतकें लवकर कोणाला दिसणार?

दुसरी म्हण अधिक जपून वापरावी लागते : ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी.’ कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलापुढें ही उच्चारली तर तो हसेल, आणि त्याचें हसणें चुकीचें ठरणार नाहीं. त्यानें बापाचें कर्ज पाहिलेलें असतें. तेव्हां ही म्हण कोणत्या अटीवर खरी होते, एवढेंच त्याच्याबरोबर शोधावें. विलासराव साळुंखे हे पुण्याचे इंजिनियर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळानें त्यांना पुरंदर तालुक्याकडे खेंचलें. नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर ओसाड जमीन करारानें घेऊन त्यांनीं पाणी अडविलें, जमिनींत मुरविलें, आणि त्या खटपटींतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मुलांना अवश्य सांगण्याजोगे आहेत. पाणी वांटावयाचें तें जमिनीच्या एकरांवर नव्हे, घरांतील माणसांवर. माणशीं अर्ध्या एकराला पुरेल इतकें. भूमिहीनालाही वांटा. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जात नाहीं. आणि ऊंस लावावयाचा नाहीं! माळावरची शेती पिकूं लागली ती ह्या वांटणीच्या बळावर, आणि ही वांटणी बसविणारा मनुष्य शेवटपर्यंत इंजिनियरच होता.

ह्या ठिकाणीं एक इशारा देणें अवश्य वाटतें. पृथ्वी हा पूर्वजांनीं दिलेला वारसा नसून मुलांकडून घेतलेलें ऋण आहे, अशा अर्थाचें एक वचन सर्वत्र फिरत असतें, आणि त्याखालीं अमेरिकेंतील आदिवासींच्या एखाद्या नायकाचें नांव असतें. त्याचा माग वेंडेल बेरी ह्या अमेरिकन लेखकाच्या १९७१ मधील पुस्तकापर्यंत लागतो. वचन चांगलें आहे म्हणून त्याला खोटा जनक चिकटवावा, हें बरें नव्हे. जो मुलगा पुढें कधींतरी खरें शोधून काढील, त्याचा वचनावरचा आणि मार्गदर्शकावरचा, दोहोंवरचा विश्वास एकदमच उडेल.

ह्याहूनही मोठा धोका असा कीं, सुवचन किंमत सांगत नाहीं. ‘मनाला आवडेल तें काम करा’ असें म्हणावयास काय जातें? पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली ह्यांचें चरित्र ह्या वाक्याबरोबर ठेवून पाहावें. त्यांच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि तेवढ्यासाठीं सरकारी प्राणिविज्ञान खात्यांतील जागा त्यांना मिळाली नाहीं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत १९२६ सालीं मार्गदर्शकाची नोकरी मिळाली. पुढें ते जर्मनींत शिकावयास गेले, आणि १९३० सालीं परत येऊन पाहतात तों पैशाच्या अभावीं ती जागाच रद्द झालेली! मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथें सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास करीत बसले. त्या अभ्यासानें त्यांचें नांव झालें हें खरें. पण मधल्या वर्षांत घर चाललें तें पत्नी तेहमिना ह्यांची साथ आणि घरची थोडी सोय होती म्हणून. ज्या मुलाला अशी सोय नाहीं, त्याला ही गोष्ट अर्धीच सांगणें म्हणजे त्याची फसवणूक होय.

म्हणून माझी सूचना अशी कीं, सुवचन ज्या कागदावर द्यावयाचें, त्याच्या पाठीवर व्यवहाराची माहिती लिहावी. दापोलीच्या कृषि विद्यापीठांत वनशास्त्राचें महाविद्यालय आहे. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस विज्ञान, कृषि किंवा इंजिनियरिंग ह्यांसारखी पदवी लागते. भूगर्भशास्त्र शिकलेल्याला राज्याच्या भूजल यंत्रणेंत काम असतें. प्रवेश कसा, वर्षें किती, आरंभीचा पगार काय, जागा किती निघतात, हें सर्व विचारून, ताडून तेथें मांडावें. कागदाच्या दोन्ही बाजू वाचून मुलगा अखेर बँकेचीच नोकरी पसंत करील, तर करूं द्यावी. नदीकांठच्या कारखान्याचा कर्जासाठीं आलेला अर्ज उद्यां त्याच्याच टेबलावर येणार आहे.