तेरची पेठ आणि धाराशिवची लेणी

मुरुडहून बार्शीच्या वाटेने निघालेला व्यापारी ढोकीला पोहोचला, की तेर गाव तेथून फार दूर राहत नाही. तरीही तेथे वाट वाकडी करून उतरणारे थोडेच. जैन कुटुंबांची वाहने बहुधा कुंथलगिरीकडे वळतात आणि ते स्वाभाविकही आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींची ती निर्वाणभूमी. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी 18 सप्टेंबर 1955 रोजी तेथेच सल्लेखनापूर्वक देह ठेवला. परंतु त्याच बालाघाटाच्या डोंगररांगेत, धाराशिव शहरापासून सुमारे 8 किलोमीटरवर, खडकात कोरलेल्या गाभाऱ्यात भगवान पार्श्वनाथ विराजमान आहेत. तेथे श्रावकांची वर्दळ कुंथलगिरीच्या मानाने फारच कमी. ज्या समाजाच्या पूर्वजांनी व्यापाराच्या बळावर तीर्थे उभी केली, त्याला या लेण्यांचा आणि तेरच्या पेठेचा संबंध ठाऊक असावयास हवा.

तेरणा नदीच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराची माहिती देणारे ‘पेरिप्लस’ हे पुस्तक लिहिले. कर्त्याचे नाव राहिले नाही, पण माणूस हिशेबी होता. कोणत्या बंदरावर कोणता माल मिळतो आणि कोणता खपतो, याची त्याने जणू खतावणीच मांडली. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, असे तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान खडे, तर तगरहून साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि रंगीत वस्त्रे गाड्यांवर लादून बिकट वाटेने भडोचला जात आणि तेथून जहाजावर चढत. पूर्व किनाऱ्याकडील मालही तगरच्या पेठेत येऊन पुढे जाई. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तगर ही घाऊक पेठ होती.

हे तगर नेमके कोठे, याविषयी विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी सांगितले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. 1901 साली जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले आणि ते पुढे सर्वमान्य झाले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी गावाची पाहणी केली. पुढील उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे थर उघडे झाले. तेरला मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर सर्वांत बोलकी. इटलीतील पॉम्पेई हे शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे 1938 साली अशाच घडणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मण्यांच्या आणि मातीच्या मूर्तींच्या संगतीत हे सारे पाहताना पेरिप्लसकर्त्याची यादी खरी वाटू लागते.

आता पेठेकडून डोंगराकडे वळावे. अकराव्या शतकाच्या सुमारास मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचले. डॉ. हीरालाल जैन यांनी ते संपादित करून 1934 साली कारंजा येथील ग्रंथमालेत प्रसिद्ध केले. चंपानगरीच्या राजाचा पुत्र करकंडू स्मशानात वाढतो, दैवयोगाने दंतीपुराचा राजा होतो आणि दक्षिणेच्या स्वारीवर निघाला असता तेरापूरजवळ तळ ठोकतो. जवळच्या डोंगरात त्याला पार्श्वनाथांचे एक भव्य लेणे दिसते. वरच्या अंगाला एक वारूळ असते. एक हत्ती सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो व त्या वारुळाची पूजा करून निघून जातो. राजा तेथे खणवितो, तो पार्श्वनाथांची मूर्ती हाती लागते. ती लेण्यात नेल्यावर मूळच्या सिंहासनावरील एक गाठ त्याला खुपते. सोंडेने पूजा करणाऱ्या हत्तीपेक्षा राजाच उतावळा ठरतो! ती गाठ फोडताच पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे भरून जाते. राजा पश्चात्ताप पावतो आणि नवी लेणी कोरवितो. करकंडूची कथा हरिषेणांच्या इसवी सन 931 मधील ‘बृहत्कथाकोशा’तही आहे. श्वेतांबर परंपरा त्याला चार प्रत्येकबुद्धांत मोजते आणि बौद्ध जातकांतही त्याच्याशी जुळणारा राजा भेटतो.

कथा ही कथाच. तथापि तिच्यातील एक तपशील इतिहासाला स्पर्श करतो. मूळ लेणे नील आणि महानील या विद्याधर बंधूंनी कोरविले, असे कनकामर म्हणतात. इकडे कोकण आणि कोल्हापूर प्रांतांवर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःला विद्याधर जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत आणि ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद लावीत. तगर आणि विद्याधर ही जोडी एका जैन काव्यात आणि राजांच्या ताम्रपटांत स्वतंत्रपणे यावी, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. समुद्रकाठी गेलेले राजघराणेही ज्या नगरीचे नाव मिरवीत होते, तिच्या वैभवाचा अंदाज यावरून बांधता येतो.

प्रत्यक्ष लेणी सात. त्यांतील मोठ्या लेण्याचा मंडप सुमारे 80 फूट लांब-रुंद असून भोवती निवासाच्या खोल्या आणि मागील बाजूस गाभारा आहे. जेम्स बर्जेस यांनी 1878 च्या अहवालात या लेण्यांचे वर्णन केले आणि त्यांना जैन लेण्यांत स्थान दिले. नंतरच्या काही अभ्यासकांनी मंडपाची रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी ताडून पाहिली. ही लेणी पाचव्या ते सातव्या शतकांत बौद्धांनी कोरली असावीत आणि बाराव्या शतकाच्या सुमारास जैनांकडे आली असावीत, असे त्यांचे मत आहे. जैन वाचकाने या मताने अस्वस्थ होण्याचे कारण नाही. ‘करकंडचरिउ’तही राजाला लेणे आधीपासून कोरलेले सापडते, त्याचे पुण्य सापडलेले जपण्यात आणि त्यात भर घालण्यात आहे. शिवाय मुनी कनकामरांनी हे लिहिले ते अकराव्या शतकात, म्हणजे तोवर जैन परंपरेत ही लेणी पार्श्वनाथांची म्हणून रुजलेली होती. बाराव्या शतकाचा अंदाज निदान तेवढा मागे न्यावा लागेल.

वास्तूचा धर्म पालटण्याचे उदाहरण तेरलाच आहे. तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याची मागील बाजू गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखी गोलसर आहे. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे कझिन्स यांना वाटले. आज तेथे विष्णूची पूजा होते, आणि विटांची इतकी जुनी वास्तू उभी राहिली ती पूजा चालू राहिल्यामुळेच. जवळच विटांचे उत्तरेश्वर मंदिर आणि संत गोरोबाकाकांची समाधी आहे. धाराशिव शहरात धारासुरमर्दिनीचे देवालय आहे, तसाच हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गाही.

सर्वत्र असे सौख्य नांदले नाही. युरोपच्या बाल्कन प्रदेशात शार पर्वताच्या पायथ्याशी प्रिझ्रेन नावाचे व्यापारी शहर आहे. तेथील मेरीमातेचे चर्च चौदाव्या शतकाच्या आरंभी राजा मिलुतिनने बांधून घेतले. उस्मानी सत्तेत त्याची मशीद झाली, विसाव्या शतकात ते पुन्हा चर्च झाले. मार्च 2004 मधील दंगलीत ते जाळण्यात आले आणि भित्तिचित्रे काळवंडली. 2006 पासून ते धोक्यातील जागतिक वारशांच्या यादीत आहे. जवळजवळ सातशे वर्षांत दोनदा धर्म पालटूनही जे टिकले, त्याची दोन दिवसांच्या दंगलीत अशी दशा झाली.

धाराशिवच्या लेण्यांना दंगलीची भीती नाही; त्यांना पावसाची आणि दुर्लक्षाची आहे. दर्शनी भाग पुष्कळ ढासळला आहे. लेणी राज्य शासनाने संरक्षित घोषित केली आहेत, त्यामुळे तेथे परस्पर रंगरंगोटी, फरशी किंवा नवे बांधकाम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. भाविक हातांनी केलेल्या जीर्णोद्धारात जुने कोरीवकाम चुन्याखाली गेल्याची उदाहरणे महाराष्ट्रात कमी नाहीत. पर्युषणापूर्वी किंवा कुंथलगिरीच्या यात्रेस जोडून एक दिवस काढला, तर सकाळी तेरचे संग्रहालय व मंदिरे आणि दुपारनंतर लेणी असा क्रम सोयीचा पडतो. मुलांना आधी संग्रहालयच दाखवावे. पेठ पाहिल्यावर डोंगर कोणी आणि कशाच्या बळावर कोरविला, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.