मृत्युपत्रातील दान

दान म्हटले की विधवेच्या दोन टोल्या आपणांस आठवतात. परंतु पौलाने करिंथ येथील मंडळीस केलेली सूचना सहसा आठवत नाही. आपण आल्यावर वर्गणीची धांदल नको, ज्याने त्याने दर आठवड्यास मिळकतीच्या मानाने काही बाजूस काढून ठेवावे, असे त्याने कळविले. मृत्युपत्रासही हाच विचार लागू पडतो.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचे ११८ वे कलम मोठे कडक होते. ख्रिस्ती मनुष्यास पुतण्या, भाचा वा त्याहून जवळचा नातलग असल्यास, त्याने मरणापूर्वी निदान बारा महिने मृत्युपत्र केलेले असले, तरच धर्मादाय देणगी टिके. मरणशय्येवर कोणी भरीस घालू नये, हा हेतू. हेतू बरा, पण अकराव्या महिन्यात मरणाऱ्याचा अपराध कोणता? केरळातील एका धर्मगुरूच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम रद्द केले.

बंधन गेले, तरी विचार सुटू नये. नव्या मुंबईत कित्येकांची जन्माची कमाई एका घरात गुंतलेली असते. पत्नीचा निवारा आधी पाहावा. मग प्रार्थनापूर्वक, धडधाकट असताना, घरच्यांच्या कानी घालून लिहावे. साधा कागद चालतो, साक्षीदार मात्र दोन हवेत. ज्यास काही द्यावयाचे, तो वा त्याची पत्नी साक्षीदार नसावी. नाहीतर त्याची देणगी बुडते.