स्थिर बैठक आणि पाठीचा कणा

मुंबई इलाख्यातील ज्या जमीनमोजणीचा पुढे इलाखाभर विस्तार झाला, तिचा आरंभ गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केला. तेथून या तालुक्याच्या दफ्तरांचे ओझे वाढत गेले खरे. परंतु कुळकर्णी मांडी घालून कितीही वेळ लिहीत बसला, तरी पिके पाहण्यासाठी त्यास शिवार पायाखाली घालावेच लागे. आज त्याच तालुक्यात, लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत, सकाळी संगणकापुढे बसलेला हिशेबनीस जेवणाच्या सुटीपर्यंत जागचा हलत नाही, कारण ज्या कागदासाठी पूर्वी दुसऱ्या टेबलाशी जावे लागे, तो आता आपण होऊन पडद्यावर येतो. सायंकाळी त्याची मान आखडते, कंबर धरते, आणि दोष मात्र खुर्चीच्या माथी मारला जातो.

इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणे नोंदविली: अखंड बैठक, हाताची एकाच दिशेची अविरत हालचाल आणि मनावरील ताण. उजवा हात निकामी झाल्यावर डाव्याने लिहावयास शिकलेल्या, आणि पुढे तोही हात त्याच व्याधीने गमावून बसलेल्या एका नोटरीची त्यांनी दिलेली हकिकत आजही वाचकास अस्वस्थ करते.

मान-कंबरेच्या या दुखण्यामागील शरीरव्यापार असा आहे. मस्तकाचे वजन पाच किलोच्या आसपास असते. ते पडद्याकडे झुकले की मानेच्या मागील व खांद्यांवरील स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते, आणि दीर्घकाळ आकुंचित राहिलेल्या स्नायूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन त्याचा रक्तपुरवठा मंदावतो. मणक्यांमधील चकत्यांची अवस्था याहून नाजूक, कारण प्रौढ वयात त्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. लगतच्या अस्थींतून झिरपणाऱ्या द्रवावर त्यांचे पोषण चालते, आणि या द्रवाच्या येण्याजाण्यास भारातील चढउताराचे साह्य होते. उभे राहण्यापेक्षा बसण्याने या चकत्यांवर अधिक दाब येतो, असे स्वीडनच्या नाकेमसन यांच्या मापनांवरून मानले जाई. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन मापनांत मात्र सैल बसलेल्या माणसाच्या चकतीवर तितका दाब आढळला नाही. म्हणूनच बसण्यापेक्षा न हलण्यास अधिक जबाबदार धरावे, असे माझे मत आहे.

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत व हातभर अंतरावर, कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि पाऊल जमिनीस टेकलेले असावे, हे योग्यच. पाय अधांतरी राहत असतील तर खाली पाट ठेवावा. परंतु अशी निर्दोष बैठक साधूनही दर अर्ध्या तासास दोन मिनिटे उठावेच: पाणी भरून आणावे, दूरध्वनीवर उभ्याने बोलावे, शेजारच्या खोलीत निरोप स्वतः न्यावा. वरिष्ठांनी अशा उठण्यास कामचुकारपणा समजू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याखेरीज खांदे व मान बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून काही दिवस केल्यास दुखणे कमी होते, असे कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा येऊन तो टिकला, पकड ढिली पडली, वा वेदनेने रात्री झोप मोडू लागली, तर मालिश व मलम यांत दिवस न घालवता डॉक्टरांकडे जावे. मलमूत्रावरचा ताबा सुटल्यास तर त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.