जिथे जमीन संपते आणि पाणी वाट निवडतं

कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालं की कळे, असळज मागे पडतात. दोन्ही बाजूंना ऊस. डोंगर चढतोय असं फारसं वाटतच नाही. आणि गगनबावडा ओलांडला की समोरची जमीनच संपते! पायाखाली खोल कोकण, आणि तिथे उतरायला दोन वाटा: करूळ घाट आणि भुईबावडा घाट.

कोकणातली माणसं ‘घाटावर’ येतात, आपण मात्र घाट उतरतो. कारण सह्याद्री इथे पठाराची तुटलेली कड आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याचा काळा कातळ घाटरस्त्याकडेला उघडा दिसतो. त्यावर हात ठेवून बघा. पावसात तो पाझरत असतो, गार लागतो.

ही कड उतरायला वळणं का लागतात, याचं गणित सोपं आहे. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, असा उतार धरला तर 500 मीटर उतरायला 10 किलोमीटर रस्ता हवा. सरळ जायला एवढी जागाच नाही, म्हणून रस्ता डोंगराच्या अंगावर घड्या घालत जातो. चालक गिअर खाली टाकतो, आपल्या कानांत दडे बसतात.

पेरू देशातल्या अँडीजमध्ये हेच सारं अवाढव्य होतं. समुद्रकाठच्या लिमाहून निघालेला रस्ता तिक्लिओ खिंडीत 4818 मीटरवर पोचतो, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर. हवा निम्म्याहून थोडीच जास्त उरते, चार पावलांत धाप लागते. खिंडीच्या पश्चिमेचं पाणी रिमाक नदीतून प्रशांत महासागराला जातं. पूर्वेचं पाणी मांतारोतून अ‍ॅमेझॉनला मिळतं आणि अख्खा खंड ओलांडून अटलांटिक गाठतं.

मला थक्क करतं ते हे, की आपल्या घाटमाथ्यावरही पाण्याची अशीच फाटाफूट होते. भर पावसात छत्री धरून अगदी माथ्यावर उभं राहा. पुढच्या काडीवरून ओघळलेला थेंब कड्यावरून खाली जाईल, पन्नासेक किलोमीटरवरच्या अरबी समुद्राला मिळेल. मागच्या काडीवरचा थेंब समुद्राकडे पाठ फिरवून कुंभी नदीत उतरेल, कोल्हापूरजवळ पंचगंगा होईल, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळेल आणि हजारावर किलोमीटर चालून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात पोचेल.