डोंगरातल्या पायवाटेवर गिअरची सायकल : चढ दमवतो, उतार पाडतो

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात आता आपल्या गावची पोरंही गिअरच्या सायकली घेऊन पठारावर जाऊ लागलीत. गेल्या दिवाळीत आमच्या वाडीतला एक जण उतारावर नुसता पुढचा ब्रेक दाबून तोंडावर आपटला. दोन दात गेले. म्हणून हे सांगतोय.

एका पायवाटेनं वर चढायचं, पठार ओलांडून दुसरीनं खाली यायचं, असा हा फेरा. वाट एका माणसापुरती, मध्ये दगड आणि मुळ्या. नवशिक्यानं आधी गाडीवाटेवर हात बसवावा. हेल्मेट हवंच.

चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. भर चढावर जोर देत गिअर बदलला की चेन उतरते. सीटवर बसूनच, थोडं पुढं वाकून चढा. उभं राहिलं की मागचं चाक मुरमावर घसरतं.

उतारावर सीट खाली घ्या. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून उभं राहा, अंग मागं, कोपरं सैल. ब्रेक दोन्ही मिळून, हळूहळू, आणि वळणाच्या आधीच. नजर चाकापाशी नको, पुढं वाटेवर ठेवा.

मागचं चाक जाम करून घसरत आलात तर मातीत चर पडतो. पावसात पाणी त्यातूनच धावतं आणि वाटेची घळ होते. याच वाटेनं आपली गुरं चरायला जातात, म्हातारी माणसं पाणी आणतात. म्हणून चिखलात सायकल घालू नका, शेवाळलेल्या जांभ्यावर तर नाहीच. गुरं समोर आली की उतरून बाजूला थांबा. वाट आधी त्यांची आहे.