मोझार्ट ऐकून मार्क वाढतात का?

मुलांनो, एक कागद घ्या. त्याची उभी-आडवी घडी घाला आणि कात्रीने एक कोपरा कापा. आता घडी न उघडता सांगा पाहू, उघडल्यावर कागद कसा दिसेल? डोकं खाजवावं लागतं ना! अशाच कोड्यांमधून एक मोठी समजूत जगभर पसरली.

परवा वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, आमच्या घराशेजारी पिठाची गिरणी आहे. दिवसभर तिचाच आवाज! मग मोझार्ट ऐकणारी मुलं माझ्या पुढे जातील?"

मोझार्ट हा अठराव्या शतकातला युरोपातला थोर संगीतकार. १९९३ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांना मोझार्टची दोन पियानोंवरची रचना दहा मिनिटं ऐकवली. एकदा मन शांत करणाऱ्या सूचनांची टेप लावली आणि एकदा नुसतंच गप्प बसवलं. मोझार्ट ऐकल्यावर घडीची कोडी जास्त चांगली सुटली. पण हा परिणाम टिकला किती? जेमतेम दहा-पंधरा मिनिटं!

हे मात्र कुणी लक्षातच घेतलं नाही. 'मोझार्ट ऐका, हुशार व्हा' अशी हाकाटी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीत पोचवायची योजना मांडली. गंमत म्हणजे मूळ प्रयोगात एकही बाळ नव्हतं, आणि शाळेचा अभ्यासही नव्हता!

पुढे १९९९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोझार्टबरोबर एक गोष्टही ऐकवून पाहिली. ज्यांना संगीत आवडलं त्यांची कोडी संगीतानंतर चांगली सुटली, ज्यांना गोष्ट आवडली त्यांची गोष्टीनंतर! म्हणजे जादू मोझार्टची नव्हती, मन खुशीत आणि ताजंतवानं असण्याची होती.

मग संगीत ऐकायचंच नाही? छे, छे! अभ्यासाला बसण्याआधी दहा मिनिटं हरिप्रसाद चौरसियांची बासरी ऐका, भीमसेन जोशींचं गाणं ऐका, नाहीतर तुम्हाला आवडेल ते ऐका. पाठांतराच्या वेळी मात्र शब्दांची गाणी बंद. गाण्याचे शब्द आणि धड्यातले शब्द एकमेकांच्या पायात पाय घालतात. खोटं वाटतं? एक दिवस शांततेत दहा शब्द पाठ करा, दुसऱ्या दिवशी गाणं लावून दुसरे दहा. किती आठवले ते वहीत लिहा.

पालकहो, मार्कांसाठी म्हणून मुलांना संगीत औषधासारखं पाजू नका. त्यापेक्षा संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून थोडं ऐका. मार्क वाढोत न वाढोत, गाण्याची सोबत जन्मभर पुरेल.

आणि त्या गिरणीशेजारच्या मुलीला मी काय सांगितलं? "पोरी, कुणीही मोझार्ट ऐकून तुझ्या पुढे जात नाही. गिरणी बंद झाली की पुस्तक उघड, आणि त्याआधी आवडीचं गाणं खुशाल गुणगुण."

अरे हो, तो कागद उघडून पाहिलात का?