रोमन बाजारातील पिंपळी आणि आपली द्रव्यपरीक्षा

सावंतवाडी-दोडामार्गच्या बागायतीत पोफळीवर चढणारी मिरवेल आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. भारतातून समुद्रमार्गे जाणाऱ्या मिरी व पिंपळी या त्रिकटूतील द्रव्यांना प्राचीन रोममध्ये मोठे मोल होते. इ. स. ७७ च्या सुमारास रोमन ग्रंथकार प्लिनीने त्यांचे भाव नोंदविले आहेत : एका रोमन पौंडास, म्हणजे सुमारे ३२७ ग्रॅमला, पिंपळी १५ देनारियस, तर काळी मिरी ४. पिंपळीत अलेक्झांड्रियाची मोहरी सहज मिसळली जाते, हेही तो सांगतो.

महाग द्रव्यामागे भेसळ येतेच. आज मिरीत पपईच्या बिया मिसळल्या जातात. पाण्यात भरीव मिरी तळाशी बसते. तरंगणारे दाणे फोडून तपासावेत. द्रव्यच अशुद्ध असेल, तर वैद्याचे अचूक निदानही रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. म्हणून ही परीक्षा औषधनिर्मितीपूर्वीच व्हावी.